चार कोसांवरचे ग्रंथालय

हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहिले म्हणजे दक्षिण कोकणचा भूगोल एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतो. उत्तरेकडून चिपळूण, संगमेश्वर, निवळी ही गावे मागे टाकीत मुंबईचा महामार्ग येतो. दक्षिणेस तो पालीला पोहोचतो आणि तेथे दुभंगून एक वाट नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढत कोल्हापूरला जाते, तर दुसरी लांजे, राजापूर ओलांडून गोमंतकात उतरते. आणि या सगळ्या धावपळीकडे पाठ फिरवून तिसरा रस्ता पश्चिमेस चार कोस जातो व समुद्राच्या काठी संपतो. तेथे रत्नागिरी आहे. महामार्गाने येणाऱ्या प्रवाशाला रत्नागिरी आपोआप लागत नाही, हातखंब्याला मुद्दाम वळून तिच्याकडे जावे लागते. आणि ज्या गावाला मुद्दाम वळून जावे लागते त्या गावाने, आजच्या महाराष्ट्राच्या सीमेतील कोणत्याही जिल्ह्याच्या गावाच्या आधी, १८२८ साली आपल्या रहिवाशांसाठी सार्वजनिक ग्रंथालय उघडले, ही गोष्ट मला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी वाटते, आंब्याहून मोठी आणि बंदराहूनही मोठी.

या सालाचे मोल नीट कळायचे तर त्या वेळच्या मराठी मुद्रणाची स्थिती पाहिली पाहिजे. पेशवाईचा अस्त होऊन अवघी दहा वर्षे लोटली होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघायला अजून चार वर्षे अवकाश होता, आणि हे बाळशास्त्री ज्या पोंभुर्ल्यात जन्मले ते गाव त्या वेळी रत्नागिरीच्याच मुलखात मोडत होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, मुंबईचे विश्वविद्यालय १८५७ सालचे. मुंबईत पंचोपाख्यान, विदुरनीती, सिंहासनबत्तिशी अशी मोजकी पुस्तके छापून झाली होती आणि शाळापुस्तक मंडळीच्या आश्रयाने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिससारखे उद्योगी गृहस्थ गणिताची व भूमितीची पुस्तके मराठीत उतरवीत होते. पण हे सगळे छापील वाङ्मय एकत्र केले असते तरी एका मध्यम आकाराच्या कपाटात त्याला जागा पुरून उरली असती. म्हणजे वाचायला ग्रंथ फारसे नव्हते, वाचणारे त्याहूनही थोडे होते, आणि तरीही वाचनाची संस्था स्थापन झाली. जगात बहुधा ग्रंथसंचय आधी होतो आणि मग त्याला घर शोधावे लागते. रत्नागिरीने घर आधी बांधले आणि ग्रंथांची वाट पाहिली.

असे का व्हावे, याचे उत्तर मला कचेरीच्या स्थलांतरात दिसते. कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर दक्षिण कोकणचा कारभार प्रथम बाणकोटाहून चाले. १८२२ साली मुख्य ठाणे तेथून हलवून रत्नागिरीस आणले गेले. एका कचेरीबरोबर किती माणसे येतात याचा हिशेब केला म्हणजे गावाचे रूप कसे पालटले असेल ते कळते. कलेक्टराच्या मागोमाग शिरस्तेदार, दप्तरदार, अव्वल कारकून; अदालतीच्या मागोमाग मुन्सफ, नाझर, वकील, अर्ज लिहून देणारे; आणि या सर्वांच्या मुलांमागोमाग पंतोजी. हा सारा वर्ग लेखणीवर जगणारा होता. पेशवाईत अशा माणसाची नजर पुण्याकडे असे. आता पुणे विझले होते, मुंबई समुद्रापलीकडे होती, आणि बदलीचा हुकूम घेऊन आलेल्या माणसाला पावसाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी करण्याजोगे काही नव्हते. त्याच्या नव्या धन्याची भाषा त्याला शिकायची होती, नवे कायदेकानू समजून घ्यायचे होते, मुंबईत काय चालले आहे ते जाणायचे होते. गोऱ्या अंमलदाराचा उत्साह आणि देशी कारकुनाची गरज या दोहोंच्या संगमावर असली संस्था उभी राहते असा माझा तर्क आहे, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून जे घडले ते त्याला पुष्टी देणारे आहे.

गरज होती म्हणून मार्ग सुकर होता असे मात्र नाही. त्या काळी मुंबईहून रत्नागिरीस माल यायचा तो गलबतातून, फत्तेमारीतून. आणि मृग लागला की बंदर बंद होई ते नारळी पौर्णिमेला सागराची पूजा होईपर्यंत उघडत नसे. ते अडीच-तीन महिने जे काय येईल ते टपालाच्या जासुदाच्या पाठीवरून, नद्यांचे उतार आणि तरी सांभाळीत यायचे. पुस्तक आले तरी त्याला जपणे हा वेगळाच प्रपंच. आमच्या हवेत कागद जिवंत असल्यासारखा फुगतो. आषाढात त्यावर बुरशी चढते, श्रावणात कसर लागते, आणि भिंतीतून वाळवी कधी वर आली ते कळेपर्यंत मधली शंभर पाने माती झालेली असतात. पूर्वीच्या लेखकूंना हे ठाऊक होते; पोथीच्या अखेरीस ते वाचकाला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून तिला वाचवण्याची विनवणी करीत, तिला तांबड्या रुमालात आवळून बांधीत, आत वेखंडाची कांडी ठेवीत आणि पाऊस सरला की ऊन दाखवीत. छापील पुस्तकाचा पुठ्ठा मात्र रुमालात बांधून फडताळात ठेवण्यासाठी केलेला नसतो, तो दहा हातांत फिरण्यासाठी केलेला असतो. पोथी जपण्याची विद्या असलेल्या समाजाला पुस्तक फिरवण्याची विद्या शिकावी लागली, आणि ती शिकण्याची जी पहिली पाठशाळा, तिचे नाव ‘रत्नागिरी नेटिव्ह जनरल लायब्ररी’.

या नावाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मुंबईत सर जेम्स मॅकिंटॉशच्या प्रेरणेने १८०४ साली स्थापन झालेल्या, आणि पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून विख्यात झालेल्या विद्वत्सभेचा ग्रंथसंग्रह मोठा होता. परंतु त्या सभेची दारे दीर्घकाळ भारतीयांस खुली नव्हती. अशा काळात ‘नेटिव्ह’ हा शब्द पाटीवर येणे याचा अर्थ दुहेरी होता. त्यात राज्यकर्त्यांचा तुच्छतादर्शक सूर होता हे नाकारण्यात हशील नाही. पण त्याच शब्दाने हेही जाहीर केले की हे घर देशी लोकांचे आहे, येथे त्यांना कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. दुसरा शब्द ‘जनरल’. कायद्याची पुस्तके वकिलांसाठी, वैद्यकाची हकिमांसाठी, धर्माची शास्त्र्यांसाठी असा भेद न करता सर्व विषयांचे ग्रंथ सर्वांसाठी एकत्र ठेवण्याची कल्पना त्या शब्दात आहे. आणि ज्या समाजात अमुक ग्रंथ अमुक वर्णाच्या माणसाने वाचावा असा शतकांचा दंडक होता, तेथे ही कल्पना बंदरात उतरलेल्या कोणत्याही आगबोटीहून अधिक नवी होती. शेजारच्या गोमंतकात पोर्तुगीज सरकारने पणजीस सार्वजनिक ग्रंथालय उघडले ते १८३२ साली. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटाने नगरांना ग्रंथालये चालवण्याचा अधिकार देणारा कायदा केला तो १८५० साली. या कालगणनेवरून कोणी रत्नागिरीला लंडनच्या पुढे बसवू नये, कारण करातून चालणारे निःशुल्क ग्रंथालय आणि वर्गणीवर चालणारे ग्रंथालय यांत महदंतर आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाचनाची भूक कोठे कोठे जागी झाली होती ते मात्र या सालांवरून समजते.

रत्नागिरीने लावलेला दिवा पाहून मग इतर गावे जागी झाली. अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, ठाणे व कोल्हापूर १८५०, सावंतवाडी १८५२, सोलापूर १८५३, कल्याण आणि आमचे चिपळूण १८६४. पुण्याच्या ग्रंथालयामागे लोकहितवादींचा पुढाकार होता, आणि आपल्या लोकांच्या अज्ञानावर शतपत्रांतून आसूड ओढणारा हा पुरुष केवळ आसूड ओढून थांबला नाही, ग्रंथांची कपाटेही भरू लागला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील मला अत्यंत प्रिय अशी आहे. गावे निराळी, पण या संस्थांची घडण एकाच साच्याची: एक मुन्सफ किंवा मामलेदार अध्यक्षस्थानी, दोन वकील, एक हेडमास्तर, एखादा सावकार किंवा संस्थानिक आश्रयदाता, दरमहा काही आण्यांची वर्गणी, आणि एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या वाड्याच्या माडीवर मांडलेली चार कपाटे. सरकारने जुजबी मदत करावी, कधी शाळाखात्याची पुस्तके फुकट द्यावीत, पण चूल पेटती ठेवावी ती गावानेच. जमाखर्चाची वही, दाखल ग्रंथांची नोंदवही आणि नेलेल्या पुस्तकांचा खर्डा या तीन वह्यांच्या आधाराने लोकशाहीची कोणतीही सनद मिळण्याच्या कितीतरी आधी आमचे लोक सभा भरवायला, बहुमताने ठराव करायला, हिशेब तपासून घ्यायला आणि थकबाकीदार सभासदाला, तो कितीही मोठा असो, नम्रतेने पण ठामपणे पत्र लिहायला शिकले.

या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे हा सत्याचा अपलाप होईल. वर्गणीचे ग्रंथालय हे ज्याला वर्गणी परवडते त्याचे ग्रंथालय असते. आणि पैशाच्या उंबरठ्याहून उंच असा दुसरा उंबरठा आमच्या समाजात होता, त्याला कोणत्याही नियमावलीत लिहिण्याची आवश्यकता नव्हती. ‘जनरल’ या शब्दात कुळवाडी, गाबीत, महार, चांभार यांचा अंतर्भाव आहे असे एकोणिसाव्या शतकातील किती कार्यकारी मंडळांच्या मनात आले असेल? बायका वाचू लागल्या तेव्हाही त्यांच्यासाठी पुस्तक यायचे ते पुरुषाच्या हातातून, त्याने निवडलेले. याच जिल्ह्यातील मंडणगडाजवळचे आंबडवे हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे मुंबईत दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यत्वे ग्रंथांसाठी, आणि एका माणसाने स्वतःच्या मिळकतीतून उभा केलेला तेवढा ग्रंथसंग्रह या देशात क्वचितच आढळेल. मला त्या वास्तूचा विचार करताना नेहमी असे वाटते की तिच्या भिंतींत, जी ग्रंथालये त्यांच्या पूर्वजांना कधीच मिळाली नाहीत, त्या सर्वांची भरपाई चिणलेली आहे.

रत्नागिरीच्या एकांतपणाचा सरकारने वेगळाच उपयोग करून घेतला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ साली येथे आणून ठेवले, आणि १९१६ साली तो येथेच वारला. सावरकरांना १९२४ साली याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले आणि १९३७ पर्यंत त्यांना तेथून बाहेर पडता आले नाही. ज्या गावी माणसाला जगापासून तोडता येते असे सरकारला वाटे, त्याच गावी शंभर वर्षे आधी माणसे पुस्तकांच्या वाटेने जगाशी जोडली जात होती, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही. टिळक येथे १८५६ साली जन्मले, त्यांचे वडील गंगाधरपंत येथे शिक्षक होते व स्वतः शालोपयोगी पुस्तके लिहीत. टेंभूचे आगरकर इंग्रजी शिक्षणाच्या ओढीने घाट उतरून येथे आले. पांडुरंग वामन काणे काही काळ येथील सरकारी हायस्कुलात शिकवीत होते. ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ यांसारखी वृत्तपत्रे या गावातून निघाली. एवढ्या लहान बंदरावर लेखणीचा एवढा संसार थाटला गेला, तो केवळ योगायोग नव्हे.

आणि येथेच १८८८ साली आणखी एक मूल जन्मले, ज्याच्या हातून पुढे संबंध मुंबई इलाख्याच्या ग्रंथालयांचे भाग्य फिरायचे होते. बाळ गंगाधर खेर १९३७ साली इलाख्याचे मुख्य मंत्री झाले, तेव्हा ग्रंथालयांची अवस्था अशी होती की मोठ्या शहरांत व तालुक्यांच्या गावी जुन्या संस्था आपापल्या बळावर तग धरून होत्या, आणि खेड्यात काहीच नव्हते. पलीकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी तीस वर्षांपूर्वीच सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून त्याच्या पाठोपाठ, १९१० साली, विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले होते आणि खेड्याखेड्यांतून निःशुल्क ग्रंथालये व फिरत्या पेट्या पोहोचवल्या होत्या. शिकलेला माणूस पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होतो हे त्या राजाने ओळखले होते. खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली ग्रंथालयांच्या विकासासाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य असफ अली असगर फैजी यांच्याकडे दिले. महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, तरी समितीने आपले काम तहकूब केले नाही. १९४० साली अहवाल सादर झाला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, भाषावार प्रदेशांसाठी प्रादेशिक ग्रंथालये, त्यांखाली जिल्ह्याची, त्यांखाली तालुक्याची आणि सर्वांच्या मुळाशी खेड्याची, अशी उतरंड फैजी समितीने आखून दिली होती.

युद्धाच्या खर्चाखाली तो अहवाल दप्तरात पडून राहिला. इतर शेकडो अहवालांप्रमाणे तो तेथेच कसरीच्या स्वाधीन व्हायचा. पण १९४६ साली खेर पुन्हा सत्तेवर आले, आणि जे काम अर्धे टाकून जावे लागले होते ते त्यांनी पुन्हा हाती घेतले. योजनेची अंमलबजावणी वरच्या पायरीपासून सुरू झाली. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने उघडले, म्हणजे ज्या सभेत पूर्वी देशी माणसाला प्रवेश नव्हता तिच्याच छपराखाली आता सर्व प्रजेचे ग्रंथालय नांदू लागले. खालच्या पायऱ्यांवर सरकारने नवी घरे बांधण्यापेक्षा जी घरे गावांनी शंभर वर्षे सांभाळली होती त्यांनाच मान्यता व अनुदान द्यावे, असे धोरण ठरले. या धोरणामुळेच जुन्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या वारस संस्था जिल्हा ग्रंथालये म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. रत्नागिरीच्या संस्थेचे आजचे नाव ‘रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय’ असे आहे. नेटिव्ह, नगर, जिल्हा: पाटीवरच्या या तीन शब्दांत दार किती किती उघडत गेले त्याचा सारा वृत्तान्त आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. ग्रंथालय संचालनालय निघाले, मान्यताप्राप्त संस्थांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरले. मद्रास इलाख्याने १९४८ साली ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रेरणेने जो कायदा केला होता त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर होता. महाराष्ट्राने तसा कर बसवला नाही. या निर्णयाविषयी माझे मत स्पष्ट आहे: कर न बसवल्यामुळे संस्था गावाच्या राहिल्या हे खरे, पण ग्रंथपालाचे पोट मात्र सदैव तुटपुंज्या अनुदानाच्या वेळापत्रकाला टांगलेले राहिले. राज्यात आज हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी दार उघडणारा, केर काढणारा, देवघेव करणारा, दाखल नोंद लिहिणारा आणि पावसाळ्यात गळक्या कौलाखाली बादली ठेवणारा माणूस एकच असतो. त्याच्या वेतनाचा प्रश्न दरसालच्या अर्जांतून आणि निवेदनांतून फिरत असतो. ज्या संस्थेने आम्हाला अर्ज लिहायला शिकवले तिच्याच सेवकाने जन्मभर अर्ज लिहीत राहावे, याचे मला अतोनात दुःख होते.

कोकणात या माणसाला पावसाशीही झुंजावे लागते. चिपळूणच्या १८६४ सालच्या संस्थेचे आजचे नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणास भरले ते या ग्रंथालयाने भरवले होते. एका वाचनालयाने संमेलनाचे यजमानपद निभावावे, हा त्या गावाच्या वाचनसंस्कृतीचा केवढा गौरव! त्यानंतर आठच वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी रात्रीतून चढले, बाजारपेठ बुडाली, आणि वाचन मंदिराचे ग्रंथही त्या गढूळ पाण्यात सापडले. भिजलेले पुस्तक ज्याने हातात घेतले आहे त्याला ते वजन सांगावे लागत नाही. पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. सोडवायला जावे तर अक्षरे हाताला येतात. शतकानुशतके पोथीला ऊन दाखवीत आलेल्या या भूमीत त्या आषाढात ऊनही नव्हते.

तरीही संस्था पुन्हा उभी राहिली, आणि तिची दारे वाचकांसाठी पुन्हा उघडली.

रत्नागिरीच्या ग्रंथालयाला २०२८ साली दोनशे वर्षे पुरी होतील. हातखंब्याच्या तिठ्यावर आता सदैव वर्दळ असते. महामार्गाच्या रुंदीकरणाने जुनी झाडे गेली, उंचवटे कापले गेले, तांबडी माती उघडी पडली. संध्याकाळी रत्नागिरीहून येणारी एस.टी. तेथे थांबते. तिच्यातून बाजारहाट केलेल्या बायका उतरतात, कॉलेजातली मुले उतरतात, कोर्टकचेरीची कामे आटोपून आलेले म्हातारे उतरतात. शाळकरी वयात मीही अशाच गाडीतून तेथे उतरत असे, आणि पावसाचे दिवस असले तर वाचनालयाचे पुस्तक सदऱ्याच्या आत, पोटाशी धरलेले असे. पुढचा पाऊण मैल चिखलातून चालायचे असे, छत्री वाऱ्याने उलटत असे, आणि मी पाठीने भिजत, पुढे वाकून, त्या पुस्तकावर छपरासारखा होऊन घरी जात असे. पोचल्यावर आई आधी विचारायची ते पुस्तकाचे. मग ती ते माझ्या हातून घेई, पदराने पुसी, आणि चुलीच्या वरच्या फळीवर, जेथे मिठाची बरणी कोरडी राही, तेथे ठेवून देई.